गावातल्या संस्थेसोबत काम करायला जाताय? या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची मंडळी श्रमदानाला, शिबिरांना गावाकडे निघतात. चांगली गोष्ट आहे, आणि ती वाढावी असंच मला मनापासून वाटतं. पण पाहुण्या स्वयंसेवकाची चूक निस्तरायला मागे उरते ती संस्थेची गावातलीच कार्यकर्ती. तिला रोज त्याच किराणा दुकानात, त्याच डेअरीवर, त्याच लोकांना तोंड द्यायचं असतं. खालच्या चुका तिच्या बाजूनं बघितल्या की जास्त नीट कळतात.

आपल्या सोयीची तारीख, गावाच्या गैरसोयीची

मृगाच्या आसपास पेरणीची धांदल असते. बीडसारख्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात. अशा वेळी दुपारी बाराला बैठक बोलवायची आणि कुणी आलं नाही की ‘गावालाच पडलेली नाही’ असं म्हणून मोकळं व्हायचं, हे बरोबर नाही. संध्याकाळी धारा काढून, दूध डेअरीला घालून लोक परततात, त्यानंतर बसा. बायकांची बैठक मात्र त्यांना विचारूनच ठरवा, कारण तीच चुलीची वेळ असते. विषय सगळ्या गावाचा असेल तर ग्रामसभेत मांडायला सांगा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावोगावी ठरलेल्या असतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे, तिचाही उपयोग करून घ्या.

बसायचं कुठे, यालाही महत्त्व आहे. एकाच पुढाऱ्याच्या वाड्यावर चहा, जेवण, मुक्काम झाला की तुम्ही त्या गटाचे ठरलात, आणि तुमच्यामागे संस्थाही. शाळा, समाजमंदिर अशी सगळ्यांची जागा निवडा. पण समाजमंदिर कोणत्या वस्तीतलं आणि तिथे कोण येत नाही, हेही कार्यकर्तीला आधी विचारा. वाड्या-वस्त्यांवर आपण होऊन जा. गावठाणातल्या बैठकीला आलेली माणसं म्हणजे सगळं गाव नव्हे.

उत्साहात खणलेला चर

श्रमदानातली ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सलग समतल चर म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडवा खणलेला लांब खड्डा. त्यातलं महत्त्व आहे ‘समतल’ला. टेकडीच्या उतारावर चर एका पातळीत असला तर पावसाचं पाणी त्यात सारखं पसरतं, थांबतं आणि मुरतं. एका टोकाला उतार राहिला तर सगळं पाणी तिकडे धावतं, तिथून फुटतं आणि खाली घळ पाडतं. चुकीचा चर खणण्यापेक्षा न खणलेला बरा.

पातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. दोन उभ्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी, आणि वरून दोरीला दगड लटकवायचा. ही झाली ए-फ्रेम. जमिनीवर तिचे दोन पाय जिथे टेकतात तिथे खुणा करा आणि दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथेही खूण करा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये पातळीची रेघ. आता उतारावर एक पाय रोवून दुसरा वर-खाली सरकवत न्या. दोरी त्या रेघेवर आली की तिथे खुणेला चुन्याची फक्की टाका आणि पुढे चला. फक्कीची ओळ पूर्ण झाल्याशिवाय कुदळ उचलायची नाही. खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाका. वरच्या बाजूला टाकली तर पहिल्याच पावसात चर बुजतो. काम माथ्यापासून सुरू करा, पायथ्याशी नंतर या.

चर आधीच वाकडा झाला असेल तर पावसाळ्यापूर्वी त्यात ठरावीक अंतरावर मातीचे आडवे अडसर घाला, म्हणजे पाणी तुकड्यातुकड्यांत अडेल आणि एका टोकाला लोटणार नाही. पाणी फाउंडेशनने २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत गावांसाठी जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा गावातल्या लोकांना आधी प्रशिक्षण आणि मग श्रमदान असाच क्रम ठेवला होता. तो क्रम मला फार मोलाचा वाटतो.

जमीन कुणाची, हे संस्थेने तपासलंय का तेही विचारा. गायरान, वन विभाग, खासगी मालकी, प्रत्येकाची परवानगी वेगळी.

आणि जिवाची काळजी. मे महिन्यात काम सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवा. दगड हातानं उलटू नका, आधी पहारीनं हलवा. खाली विंचू असतो. विंचूदंश अंगावर काढायची गोष्ट नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि कोकणात असंख्य जीव वाचले. पण त्यासाठी दवाखाना वेळेत गाठावा लागतो. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांपैकी काहीही करू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा. सर्पदंशावरची लस जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे, हे शिबिराच्या आदल्या दिवशीच माहीत करून घ्या.

स्वतःच्या फोनवर देणगी

संस्थेसाठी आपल्या क्यूआर कोडवर पैसे गोळा करणारे स्वयंसेवक हेतूनं चांगलेच असतात, पण हे अजिबात करू नका. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती संस्थेनंच द्यावी. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब संस्थेला द्यावा लागतो, तुम्हाला नाही. देणगीवर प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख चालत नाही, हेही देणगीदाराला आधीच सांगा.

परदेशातल्या नातेवाइकांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला तुमचा भाऊ मूळचा सांगलीचा असला तरी त्याची देणगी कायद्यानं परदेशी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. अशी रक्कम संस्थेच्या साध्या खात्यात आली तर छोटी संस्था मोठ्या अडचणीत येते. चुकून आलीच असेल तर खर्च करू नका, त्याच दिवशी संस्थेच्या सीएला कळवा.

फोटो

वह्या वाटताना मुलांना रांगेत उभं करून काढलेले फोटो मला बघवत नाहीत. बालगृहात तर प्रश्न आवडीनिवडीचा उरतच नाही: बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. असा फोटो आधीच टाकला असेल तर लगेच काढा, पुढे पाठवलेल्यांनाही काढायला सांगा आणि संस्थेला स्वतःहून कळवा.

‘मला कामच देत नाहीत’

ही तक्रार बरीच ऐकू येते. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला काम शिकवण्यातच कार्यकर्तीचे दोन दिवस जातात, म्हणून ती चाचरते. थेट विचारा: ‘ताई, तुमचं कोणतं काम साचलंय?’ उत्तर बहुधा रजिस्टर, पावत्या, बचतगटाचे हिशेब किंवा सरकारी पोर्टलवर भरायची माहिती असं येईल. ते घ्या. महिन्यातून एक ठरलेला रविवार वर्षभर आलात तर आठवडाभराच्या शिबिरापेक्षा जास्त उपयोग होतो.

आरोग्याच्या कामात औषधं वाटायला किंवा सल्ला द्यायला पुढे होऊ नका. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, त्याचा कणा ठरल्या गावातल्याच बायका, त्यांतल्या कितीतरी शाळेत न गेलेल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम गावातल्या आरोग्यदूतांवरच सोपवलं. बाळंतिणीचा विश्वास अशा बाईवर असतो जी रात्री-बेरात्री येऊ शकते. तुम्ही तिच्या वजनकाट्याची, प्रवासखर्चाची, नोंदींची सोय बघा.

दिलेला शब्द आणि नेलेला पासवर्ड

‘मी साहेबांशी बोलतो’, ‘पुढच्या महिन्यात टाकी बसवून देतो’ अशी वाक्यं बोलताना आपण विसरतो, गाव विसरत नाही. जाब कार्यकर्तीला विचारला जातो. शब्द देऊन बसला असाल आणि जमणार नसेल तर स्वतः जाऊन सांगा, निरोप धाडू नका.

निघताना लाभार्थ्यांची यादी तुमच्या लॅपटॉपवर, व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन तुम्हीच, फॉर्मचा पासवर्ड तुमच्या डोक्यात, असं ठेवून जाऊ नका. शेवटचे दोन दिवस यासाठीच राखा. कार्यकर्तीला शेजारी बसवा आणि तुम्ही कळफलकाला हात न लावता तिलाच एक अख्खी नोंद करू द्या. कुठे अडली ते मराठीत कागदावर लिहा आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आठवड्यानं फोन करून विचारा, चालतंय का.