कुणाला लागलं नाही, तरी लिहून ठेवा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतीव माल करणाऱ्या कारखान्यात, मी शिफ्ट सुपरवायझर आहे. आमच्याकडं काही थोडक्यात टळलं, की "अंबाबाईनं वाचवलं बघ" म्हणायचं आणि चहाला जायचं, ही रीत. म्हणा खुशाल. पण चहाच्या आधी त्या निअर मिसची नोंद करा.

छापील फॉर्म भट्टीजवळ कुणी भरत नाही. हातमोजे काढून पेन कोण धरणार? साधी डायरी ठेवा, नाहीतर मोबाइलवर बोलून पाठवू द्या. काय झालं, कुठं, किती वाजता, एवढंच. नाव दिलं तर दिलं. सांगणाऱ्याचाच पगार कापलात तर दुसऱ्या दिवसापासून डायरी कोरी. कोरी डायरी बघून खूश होणारे साहेबही असतात म्हणा.

मग चौकशी. "कुणी केलं?" नको, "कसं झालं?" विचारा. पावसाळ्यात आमच्या इंडक्शन भट्टीत स्क्रॅप टाकताना फाडकन आवाज झाला आणि रस उडून प्लॅटफॉर्मवर पडला. कुणाला लागलं नाही. "बघून टाकत जा रे" एवढ्यावर मिटलं असतं. पण विचारत गेलो. स्क्रॅप ओलं का? शेडबाहेर उतरवलं होतं. बाहेर का? आत रिजेक्ट कास्टिंगचा ढीग. तो का हलला नाही? कारण ते कुणाचं कामच नव्हतं! इकडं लोखंडाचा रस १,४०० अंशांच्या वर. त्याच्याखाली पाणी सापडलं की क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीडहजार पटींहून जास्त जागा लागते. तिथं गॉगलचं पोस्टर लावून काय होणार? ढीग उचलायला माणूस नेमला, स्क्रॅप पत्र्याखाली आणलं. तोंड बंद असलेले पाइप, जुने शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांच्या आतही पाणी-तेल अडकलेलं असू शकतं, म्हणून ते आता वेगळे काढतो; ते भट्टीत जातच नाहीत.

काय बदललं ते पुढच्या शिफ्टला उभ्याउभ्या सांगा. खर्चाचं काम असेल तर तारीख सांगा, आणि ती पाळा. पोरं तेवढंच बघत असतात.

क्रेनच्या स्लिंगची, म्हणजे ओझं अडकवायच्या दोराची, तार तुटलेली दिसली किंवा लॅडलचा, म्हणजे रस ओतायच्या भांड्याचा, गिअर सटकला, तर मात्र डायरी नंतर. लॅडल रिकामं असतानाच क्रेन बंद करा, मेंटेनन्सला बोलवा. डिस्पॅचचा फोन वाजू दे.