बेळगावात घर लावताय? आधी सिंकमध्ये भांडी घासायचा टब घ्या

मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याच्या बदलीमुळं २००६ ला इथं आले, दोन वर्षांत परत जायचं म्हणून निम्मं सामान खोक्यातच ठेवलेलं, आणि अजून इथंच आहे, गावातल्या शहापूर भागात. तेव्हा पाटीवर बेळगाव होतं, १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, घरात आम्ही बेळगावच म्हणतो. दरवर्षी कुणी केएलई संस्थेच्या कॉलेज-दवाखान्यात, कुणी व्हीटीयू म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, कुणी सांबऱ्याला एअरफोर्समध्ये नवीन येतंच, आणि सगळ्यांना काळजी एकच की कानडी येत नाही, कसं व्हायचं. होतंय की वो सगळं. गणपत गल्लीत, खडेबाजारात मराठीत बिनधास्त बोला. एक वाक्य तेवढं पाठ करा, "नीर बंतेनरी?" म्हणजे पाणी आलं का हो. शेजारच्या अक्कांशी माझी ओळख याच वाक्यावर झाली.

शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल या धरणांचं. काही भागात चोवीस तास येतं, काही भागात वार ठरलेला. त्यामुळं घर बघायला गेलात की "पाणी येतं ना" असं विचारू नका, सगळे येतं म्हणूनच सांगतात, "मे महिन्यात कितव्या दिवशी येतं" असं विचारा. पाऊस इथं धो धो, जुलैत कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, म्हणून नवीन माणसाला वाटतं इथं पाण्याला काय कमी. पाऊस वेगळा आणि नळ वेगळा, हे एप्रिलात कळतं.

मी आपली सवयीनं नळ सोडून भांडी घासायची. एकदा टाकी सकाळीच संपली तेव्हा चिडून नळाखाली दहा लिटरची बादली लावून बघितली, सव्वा मिनिटात भरली. चौघांच्या भांड्यांना वीस मिनिटं लागतात, त्यातली दहा मिनिटं जरी नळ चालू धरला तरी ऐंशी लिटर गेले की. सिंकमध्ये टब ठेवून त्यात घासली तर तेच काम पंधरा-सोळा लिटरात होतं, एक पाणी घासायला आणि एक खळबळायला.

टब घ्यायला जाताना सिंकचं माप घेऊन जा, मी नुसत्या अंदाजानं आणलेला पहिला टब असा काही घट्ट बसला की काढताना कडा मोडली. चौदा इंची गोल, सहा इंच उंच पुरतो, अर्धा भरला की सात-आठ लिटर पाणी मावतं. सिंकच्या आणि टबाच्या मध्ये हात जाईल एवढी जागा राहायला पाहिजे, ताटातलं उरलेलं ताक-आमटी तिथूनच ओतायची असते. आणि टब सिंकच्या भोकावर सपाट ठेवू नका, खाली जाळीचा स्टँड घाला. का, ते सांगते. आमच्या किचनला दोन नळ, एक टाकीचा आणि एक थेट कार्पोरेशनचा, प्यायच्या पाण्याचा. एकदा तो मी पाणी आलंय का बघायला उघडला, पाणी नव्हतं, उघडाच राहिला. खाली टब बरोबर भोकावर. पहाटे चारला पाणी आलं. टब भरला, सिंक भरलं, आणि मला जाग आली ती हॉलमध्ये चटईवर झोपलेल्या दिरांच्या ओरडण्यानं. पाच दिवसांनी आलेलं पाणी, ते आम्ही फडक्यानं पुसून काढत बसलो.

घासताना खरकटं आधी काढायचं, नाहीतर टबाची आमटी होते. मग आधी काचेचे ग्लास आणि कप, मग ताटं-वाट्या, तेलकट कढई अगदी शेवटी. मटण झालं असेल तर पातेलं आधी जुन्या पेपरनं पुसून घ्या, ती चरबी पाईपात थिजली की प्लंबर बोलवावा लागतो. सुरी आणि मिक्सरचं पातं टबात सोडायचं नाही, फेसात दिसत नाही आणि बोट कापतं. लोखंडी तवा नि लाकडी पोळपाट पण भिजत ठेवू नका. भाकरीची परात मात्र लगेच टबात, पीठ वाळलं की नखानं खरवडत बसायचं. गॅसवरनं उतरवलेला कुकर तसाच टबात ठेवू नका, स्वस्तातलं प्लास्टिक लगेच वाकडं होतं.

खळबळलेलं पाणी बादलीत ओतून परसात केळीला नाहीतर नारळाला घाला, पण तुळशीला आणि कढीपत्त्याला नको. साबणाचं आणि तेलकट पाणी सरळ ड्रेनेजला. साठवून ठेवू नका, डास होतात.

टबाचं पण बघावं लागतं. पहिल्या पावसाळ्यात टब रात्रभर सिंकमध्ये तसाच राहायचा, आठवड्यात तळाला बुळबुळीत आणि घरभर वास, मला वाटायचं उंदीर मेलाय कुठंतरी. मालकीणकाकू आल्या, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, रात्री टब उपडा घालायचा की, तेवढं पण सांगायचं काय तुला?" आता रोज रात्री आतून साबणानं घासते आणि ओट्यावर उपडा घालते. घासायची जाळी पण टबात ठेवायची नाही, पिळून खिळ्याला अडकवायची.

आणि पांढरा टब घेऊ नका. दुकानात छान दिसतो, पण आठ दिवसांत हळदीनं पिवळा होतो आणि उन्हात ठेवला तरी धड पांढरा होत नाही. माझा आता चौथा टब चाललाय, निळा.