झाडांच्या नायट्रिक ऑक्साइडवर काम करायचंय? आधी बाटलीला फॉइल गुंडाळा

कशावर काम करते, हे सांगितलं की घरचे विचारतात, "म्हणजे गाड्यांच्या धुरातलं?" हो, तेच. हा वायू झाड स्वतःही बनवतं, बरेचदा नायट्रेट रिडक्टेज या एन्झाइमच्या हातून, आणि ताण आला की पेशींना निरोप धाडायला वापरतं. माणसाच्या रक्तवाहिन्यांतल्या त्याच्या कामाला 1998 चं नोबेल मिळालं.

पहिल्या वर्षी मी सोयाबीनच्या रोपांना सोडियम नायट्रोप्रुसाइड देत होते. उजेडात ते रसायन फुटतं आणि हाच वायू सोडतं. त्याचं फिकट तांबूस द्रावण मी साध्या काचेच्या बाटलीत भरून खिडकीपाशी ठेवलं. नागपूरचा मे महिना! काही दिवसांत रंग हिरवट-निळसर झाला, तरी मी तेच ओतत राहिले. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या रोपांना, नुसतं पाणी. सेमिनारमध्ये माझ्या गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "हा परिणाम वायूचा कशावरून? सायनाइडचा कशावरून नाही?" कारण हे रसायन फुटताना सायनाइडही सुटतं. दोन महिन्यांची रीडिंग्ज गेली.

गंमत म्हणजे, उजेडात ठेवून वायू संपवलेलं असलं द्रावणच कंट्रोलला लागतं, कारण त्यात वायू सोडून बाकीचं सगळं असतं. ताजं द्रावण मात्र रोज करायचं, फॉइलमध्ये गुंडाळून. आणि एका गटाला वायू टिपून घेणारं सी-पीटीआयओ द्यायचंच.

ताणात झाडाला सांभाळणारी अँटिऑक्सिडंट एन्झाइमंही मोजावी लागतात, आणि ते काम म्हणजे बर्फाशी झटापट. खलबत्ता, बफर, नळ्या, सगळं आधीच गार हवं. त्यातलं अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज तर फारच नाजूक. बफरमध्ये अ‍ॅस्कॉर्बेट घालायला विसरलात तर ते मरतं आणि तुम्हाला वाटतं, झाडातच ते कमी आहे. कॅटॅलेज या दुसऱ्या एन्झाइमचं रीडिंग 240 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात घेतात, तिथे नमुना ठेवायची साधी प्लास्टिकची क्युवेट चालत नाही, क्वार्ट्झचीच लागते. ती फुटली तर विभागात काय ऐकून घ्यावं लागतं, ते विचारू नका.

पानं रोज ठरल्या वेळेलाच तोडा. सकाळचं पान आणि दुपारचं पान एकमेकांशी ताडून पाहू नका.

कापूस निवडणार असाल तर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, 1976 पासून. वाणांची चौकशी करायला विभागाचं पत्र घेऊन जा. आणि पेरणी उन्हाळ्यात ठेवू नका. बाहेर 45 अंश असताना शेडनेटमधलं कंट्रोलचं रोपही तणावातच असतं. मी आता पावसाळा लागल्यावरच कुंड्या भरते.