कबड्डीचं समालोचन: टीव्हीच्या खुर्चीपर्यंत कसं पोहोचायचं

‘टीव्हीवर समालोचन करायचंय, कुठला कोर्स करू?’ हंगाम सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. पत्रकारितेचा अभ्यासक्रम जरूर करा, पण त्याआधी आपली खुर्ची कोणती ते ठरवा. समालोचनात बहुधा दोघं बसतात. एक खेळ सांगतो, दुसरा तो उलगडून दाखवतो. दुसरी खुर्ची माजी खेळाडूची. २०२३ मध्ये जिओसिनेमावर आयपीएल मराठीतून सुरू झाली, तेव्हा केदार जाधव तिथे बोलत होता, आणि त्याच हंगामात बंगळुरूच्या संघानं त्याला खेळायला बोलावून घेतलं. असा अनुभव गाठीशी नसेल तर तुमची जागा पहिली. ती कमी प्रतीची मुळीच नाही. हर्षा भोगले केमिकल इंजिनिअर, पुढे अहमदाबादच्या आयआयएमचे पदवीधर. सुरुवात मात्र त्यांनी हैदराबादच्या आकाशवाणीवर १९व्या वर्षी केली.

मी कबड्डी सांगतो, म्हणून उदाहरणही तिथलंच देतो. चढाई ३० सेकंदांची. मैदानावर माइक धरणारा सगळं सांगतो, कारण मागच्या रांगेतल्या माणसाला काही दिसत नसतं. टीव्हीवरच्या प्रेक्षकाला मात्र चढाईपटू उजवीकडे सरकला हे दिसतंच. त्याला माहीत नसतं ते वेगळंच: संघाच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात, ही तिसरी आहे, रिकाम्या हातानं परतला तर बाद. समोर तिघेच उरलेत, म्हणजे पकड झाली तर दोन गुण. बचावात सहा जण नाहीत, म्हणजे बोनस रेषेचा जादा गुण नाही. हे सगळं झटापटीआधी सांगून टाकायचं. प्रत्यक्ष पकडीला एखादा सेकंद लागतो, तेव्हा एक नाव आणि एक क्रियापद पुरे. ‘फझलनं घोटा धरला!’ आणि मग गप्प बसायचं. प्रेक्षागृहाचा आवाज घराघरांत पोहोचू द्यायचा. नवीन मुलांना सगळ्यात जड जातं ते हेच गप्प बसणं.

बरेचदा सामना दुसऱ्या शहरात आणि आपण मुंबईच्या स्टुडिओत असतो. कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं. तो प्रशिक्षकावर गेला की मैदानात कोण उरलंय हे कळायची सोय नाही. म्हणून माझ्यासमोर कायम एक कागद असतो. दोन्ही संघांचे सात-सात खेळाडू, आणि बाद झालेल्याच्या नावापुढे क्रमांक. कबड्डीत जो आधी बाद झाला तोच आधी परत येतो. त्यामुळे आता समोरचा एक जण बाद झाला तर कोण आत येईल हे मला आधीच सांगता येतं. संघाचा मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला असताना त्या एका वाक्यानं पुढच्या पकडीकडे बघायची प्रेक्षकाची नजरच बदलते. पाच रुपयांच्या पेन्सिलीचं काम आहे, पण कुठल्याही भारदस्त आवाजापेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

कानात निर्माता बोलतच असतो: ‘रिप्ले येतोय’, ‘ब्रेक, पाच, चार, तीन...’ आपलं वाक्य शून्यावर संपलं पाहिजे, तेही न अडखळता. घरी सराव करा. एका कानात बातम्या लावून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा. सुरुवातीला डोकं भणभणतं, महिन्याभरात सवय होते.

नावं आदल्या दिवशी पक्की करा. हरियाणा, तमिळनाडू, इराण... प्रत्येक नावाचा उच्चार त्या मुलाच्या आईला पटेल असा हवा.

शिकायला उत्तम जागा म्हणजे आपली मैदानं. लालबाग-परळपासून कोकणापर्यंत मंडळांच्या कबड्डी स्पर्धा होतात. रायगड-ठाण्याकडचे टेनिस क्रिकेटचे सामने यूट्यूबवर थेट दिसतात, तिथे चार-चार तास बोलणारी माणसं हवीच असतात. मानधन किरकोळ असतं, पण दिवसभर आवाज टिकवणं आणि कंटाळवाण्या सामन्यातही काही सांगण्यासारखं शोधणं तिथेच जमतं. आकाशवाणीची आवाजचाचणी निघाली तर सोडू नका.

पैशांचं स्पष्ट सांगतो. काम हंगामी, मोबदला बहुधा सामन्याच्या दिवसाप्रमाणे, टीडीएस कापून आणि उशिरा. निदान पहिली काही वर्षं दुसरं उत्पन्न हवंच.

नमुना पाठवाल तेव्हा निवडक क्षणांची जोडजाड नको. सलग पाच मिनिटं पाठवा, त्यात काहीच न घडलेल्या दोन-तीन चढायाही असू द्या. मी तर आधी त्याच ऐकतो.