आतड्यातील जिवाणू ओळखावेत कसे: नमुन्यापासून रिपोर्टपर्यंत

शौचाच्या नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू उगवला, एवढ्यावरून रुग्णाला संसर्ग झाला असे म्हणता येत नाही. तो निरोगी माणसाच्या आतड्यातही असतोच. थिओडोर एशरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्याचे वर्णन केले तेदेखील तान्ह्या मुलांच्या शौचाचा अभ्यास करताना. मात्र हाच जिवाणू लघवीत लाखांनी उगवला तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग ठरतो आणि रक्तात उगवला तर ते जिवावरचे दुखणे असते. म्हणून ओळख पटवायला बसताना नमुना कुठला आणि तो कसा आला हे आधी पाहावे, जिवाणूचे नाव त्यानंतर. सांगलीतील एका लहान प्रयोगशाळेत काम शिकायला येणाऱ्या डीएमएलटीच्या (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या) मुलांना मी ज्या क्रमाने सांगतो, तोच क्रम येथे ठेवला आहे.

शौचाचा नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी, रुंद तोंडाच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा. फिनेल टाकलेल्या भांड्यातून उचललेला नमुना निरुपयोगी असतो. शेंब किंवा रक्त दिसत असेल तर नेमका तोच भाग उचलावा. नमुना दोन तासांत प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या तबकडीवर, गेला पाहिजे, आणि ही अट आपल्या जिल्ह्यात वाटते तितकी सोपी नाही. जत किंवा आटपाडीकडच्या गावातून निघालेली बाटली एसटीने सांगलीत पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. तेवढ्या वेळात शौच आम्लधर्मी होत जाते आणि त्यातला शिगेला हा आव पाडणारा जिवाणू मरून जातो. मग प्लेटवर काही उगवत नाही आणि आव पडणाऱ्या रुग्णाच्या हाती ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट पडतो. अशा ठिकाणी शौचात बुडवलेला कापसाचा बोळा वाटेत जिवाणू टिकवून ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात खोचून पाठवावा.

टायफॉईडची शंका असेल तर पहिल्या आठवड्यात शौचापेक्षा रक्ताला महत्त्व द्यावे. प्रौढ रुग्णाचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त, तेही प्रतिजैविक सुरू होण्याआधी, कल्चरच्या (जिवाणू वाढवण्याच्या) बाटलीत घालावे. शौचात जिवाणू सापडण्याची शक्यता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढते. आपल्याकडे ताप आला की विडाल करून घेण्याची सवय खोलवर रुजली आहे. ही तपासणी १८९६ सालची असून ती जिवाणू शोधत नाही, रक्तातील प्रतिपिंडे मोजते. ती दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास वाढतात, आणि पूर्वी कधी संसर्ग झाला असेल किंवा लस घेतली असेल तरीही दिसू शकतात. एकाच विडालवर ‘टायफॉईड निघाला’ असे सांगणे मला कधीच पटलेले नाही.

शौचाचा नमुना आला की तो मॅकॉन्की आणि एक्सएलडी या दोन प्लेटवर लावावा आणि थोडा सेलेनाइट ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) घालावा, म्हणजे संख्येने कमी असलेल्या साल्मोनेलाला (टायफॉईडचा जिवाणू ज्या गटातला त्या गटाला) वाढायला वाव मिळतो. दुसऱ्या दिवशी त्या ब्रॉथमधून पुन्हा प्लेट लावायची असते. पटकीची शंका असल्यास अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये सहा ते आठ तास ठेवून मग टीसीबीएस या पटकीसाठीच्या प्लेटवर लावावे. सगळे ३७ अंश सेल्सिअसला, अठरा ते चोवीस तास. स्ट्रीक करताना, म्हणजे तारेच्या लूपने नमुना प्लेटच्या चार भागांत रेघोट्यांनी पसरताना, चौथ्या भागात सुट्या कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) आल्याच पाहिजेत. हे हाताचे कौशल्य आहे, पुस्तकातून येत नाही. ते साधले नाही तर पुढची प्रत्येक तपासणी दोन जिवाणूंच्या मिश्रणावर होते आणि उत्तर तिसऱ्याच जिवाणूचे येते.

मॅकॉन्कीवर लॅक्टोज ही दुधातली साखर आंबवणारे जिवाणू गुलाबी दिसतात. ई. कोलायच्या कॉलनी चपट्या, कोरड्या आणि गडद गुलाबी असतात, तर क्लेबसिएलाच्या फुगीर आणि चिकट. लूपने उचलली की काकवीसारखी तार निघते. साल्मोनेला, शिगेला आणि प्रोटियस लॅक्टोज आंबवत नाहीत, म्हणून त्यांच्या कॉलनी फिकट, जवळजवळ रंगहीन राहतात. शौचाच्या प्लेटवर शोधायच्या त्या याच. एक्सएलडीवर साल्मोनेला बहुधा लाल कॉलनीत काळा ठिपका घेऊन येतो. शिगेला नुसता लाल. शिगेला सोनेई मात्र लॅक्टोज सावकाश आंबवतो, त्यामुळे त्याची फिकट कॉलनी दुसऱ्या दिवशी गुलाबी झाली म्हणून दचकू नये.

संशयित कॉलनी न्यूट्रियंट अगारवर शुद्ध करून घ्यावी, ग्राम स्टेनमध्ये (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली) गुलाबी दांडके दिसतात याची खात्री करावी आणि मग ऑक्सिडेज करावी, म्हणजे कॉलनी रसायन लावलेल्या कागदावर घासून रंग पाहावा. या कुळातले ई. कोलाय, क्लेबसिएला, साल्मोनेला, शिगेला, प्रोटियस हे सगळे ऑक्सिडेज निगेटिव्ह असतात. पटकीचा व्हिब्रिओ पॉझिटिव्ह असतो. म्हणजे या एका तपासणीने वाट दोन फाट्यांत विभागली जाते, आणि येथेच हलगर्जीपणा सर्वाधिक होतो. नायक्रोमच्या तारेचा लूप वापरला तर तारेमुळेच कागद जांभळा होऊ शकतो, म्हणून लाकडी काडी, काचेची काडी किंवा प्लॅटिनमचा लूप घ्यावा. मॅकॉन्की किंवा टीसीबीएसवरची कॉलनी थेट वापरू नये. दहा सेकंदांत गडद जांभळा रंग आला तरच पॉझिटिव्ह म्हणावे. मिनिटभराने आलेला रंग धरू नये.

ऑक्सिडेज निगेटिव्ह आली की ट्रिपल शुगर आयर्न, म्हणजे टीएसआय. या नळीत लॅक्टोज आणि सुक्रोज प्रत्येकी एक टक्का, तर ग्लुकोज केवळ ०.१ टक्का असते. सुईने बटमध्ये (तळाच्या जाड भागात) टोचावे, मग तिरप्या पृष्ठावर, म्हणजे स्लँटवर, स्ट्रीक करावे आणि झाकण सैल ठेवावे. जिवाणू फक्त ग्लुकोज आंबवणारा असेल तर सुरुवातीला आम्लामुळे सारी नळी पिवळी होते; पण एवढेसे ग्लुकोज लवकर संपते, हवेशी संपर्क असलेल्या स्लँटवर जिवाणू पेप्टोन वापरू लागतो, आणि स्लँट पुन्हा लाल होतो, बट पिवळीच राहते. नळी दहा तासांनी पाहिली तर स्लँट अजून पिवळाच असतो आणि दोन दिवसांनी पाहिली तर जो पिवळा राहायला हवा तोही लाल होऊ लागलेला असू शकतो. म्हणून सकाळी कामावर आल्या आल्या, अठरा ते चोवीस तासांच्या दरम्यान, आधी टीएसआय वाचावे; चहा नंतर.

नळी आडवी धरून उजेडात पाहावी. वरखाली पिवळे आणि अगारला वायूने पडलेल्या भेगा असतील तर ई. कोलाय किंवा क्लेबसिएला. लाल स्लँट, पिवळी बट, ना वायू ना काळेपणा, हे शिगेलाचे चित्र. तसेच चित्र, वायू नाही, पण टोचलेल्या जागी किंवा स्लँट आणि बटच्या सांध्यावर मिशीच्या रेघेएवढा काळेपणा दिसला तर साल्मोनेला टायफी मनात आणावा. पॅराटायफी एमध्ये वायू असतो, काळेपणा सहसा नसतो.

बट भरभरून काळी झाली की सगळे साल्मोनेला म्हणून आनंदतात, आणि मीही एकदा तसाच फसलो आहे. उमेदवारीच्या काळात एसएस (साल्मोनेला-शिगेला) अगारवर काळ्या ठिपक्याच्या फिकट कॉलनी पाहिल्या, टीएसआय जुळले, आणि युरिएजची (जिवाणू युरिया फोडतो का ते पाहण्याची) नळी न लावताच साल्मोनेला लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी तीच कॉलनी ब्लड अगारवर लावली. दुसऱ्या दिवशी प्लेटवर पाण्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा लाटांवर लाटा पसरलेल्या होत्या आणि झाकण उघडताच सडक्या मासळीचा वास आला. तो प्रोटियस होता. युरिएज लावली असती तर काही तासांतच नळी गर्द गुलाबी झाली असती. साल्मोनेला आणि शिगेला युरिएज निगेटिव्ह असतात. ही नळी कधीही वगळू नये.

बाकीच्या नळ्या थोडक्यात. इंडोलच्या तपासणीत कोव्हॅकचे द्रावण घातल्यावर ई. कोलायच्या नळीत वर लाल कडे तरंगते, क्लेबसिएला न्यूमोनियाच्या नळीत ते पिवळट राहते. सिट्रेटवर उलट: क्लेबसिएला माध्यम निळे करतो, ई. कोलाय हिरवेच ठेवतो. हालचाल पाहण्याच्या अर्धघन माध्यमात क्लेबसिएला आणि शिगेला टोचलेल्या रेषेतच उगवतात.

साल्मोनेला आणि शिगेलाची ओळख अँटिसिरमने (ठराविक जिवाणूची गुठळी करणाऱ्या प्रतिपिंडांच्या द्रावाने) पक्की करावी. काचपट्टीवर सलाइनच्या एका थेंबात कॉलनी कालवून ती आपोआप गुठळत नाही ना हे आधी पाहावे. गुठळली तर ती तपासणी बाद. टायफीवर व्हीआय प्रतिजनाचे आवरण असल्यास आतल्या ओ प्रतिजनाच्या सिरमशी गुठळी दिसत नाही. जिवाणूंचे दाट मिश्रण उकळून, थंड करून पुन्हा पाहावे.

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडते, तेव्हा पिण्याच्या पाण्यात मैला मिसळण्याची भीती असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांनंतर ही काळजी प्रत्येक घरात होती. भाताच्या पेजेसारखे पांढुरके जुलाब असा रुग्ण आला की टीसीबीएसवर पिवळ्या चपट्या कॉलनी शोधाव्यात, न्यूट्रियंट अगारवर घेऊन ऑक्सिडेज करावी, आणि ०.५ टक्के सोडियम डिऑक्सिकोलेटच्या थेंबात कॉलनी कालवून लूप वर उचलावा. तार निघाली तर पटकीच्या ओ१ आणि ओ१३९ प्रकारांचे अँटिसिरम लावावे. छापील रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना आणि आरोग्य विभागाला लगेच फोन करावा.

लघवीच्या नमुन्यात मोजणी महत्त्वाची. ०.००१ मिलिलिटरच्या मोजलेल्या लूपने लावलेल्या प्लेटवर शंभर कॉलनी म्हणजे मिलिलिटरला एक लाख. तीन-चार प्रकारच्या कॉलनी मिळून आल्या तर बहुधा नमुना घेताना चूक झालेली असते. नवा नमुना मागावा.

रिपोर्टमध्ये ‘सर्वसाधारण जिवाणू’ एवढेच लिहून थांबू नये. ‘साल्मोनेला, शिगेला आणि व्हिब्रिओ कॉलरी आढळले नाहीत’ असे लिहावे, म्हणजे काय शोधले हे डॉक्टरांना कळते. अतिसार घडवणारे ई. कोलायचे प्रकार या साध्या नळ्यांनी वेगळे होत नाहीत, म्हणून शौचातल्या ई. कोलायची संवेदनशीलता चाचणी (कोणते प्रतिजैविक लागू पडेल याची) छापून डॉक्टरांना नाहक प्रतिजैविकाकडे ढकलू नये. टायफी सापडला तर मात्र ती चाचणी त्याच दिवशी लावावी.

काम संपल्यावर प्लेट आणि नळ्या १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली ऑटोक्लेव्ह करूनच टाकाव्यात. शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणूही माणसाला आजारी पाडायला पुरतात, त्यामुळे बाकावर डबा उघडणे बंद ठेवावे आणि हात साबणाने धुतल्याशिवाय मोबाइलला लावू नयेत.