सीड मनीचा अर्ज करायचाय? आधी अकाउंट सेक्शनला चक्कर मारा

पुण्यातल्या प्राध्यापक मंडळींना रिसर्च ग्रँट म्हटलं की एकदम दिल्लीच आठवते. आपल्याच कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलेलं सीड मनीचं, म्हणजे संशोधन सुरू करायला कॉलेज स्वतः देतं त्या छोट्या रकमेचं, सर्क्युलर मात्र कोणी धड वाचत नाही, आणि वाचलंच तर "एवढ्याशा पैशात काय होणारे" म्हणून सोडून देतात. रक्कम लहान असते हे खरंय, पण बाहेरच्या मोठ्या ग्रँटला अर्ज करताना जो प्रिलिमिनरी डेटा मागतात तो याच पैशातून तयार होतो, म्हणून नवीन लागलेल्यांनी तर हे अजिबात सोडू नये असं माझं मत आहे.

आधी कॉलेज हे पैसे देतं कशाला ते समजून घ्या, कारण अर्ज कसा लिहायचा ते त्यावरच ठरतं. नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तिसऱ्या क्रायटेरियनमध्ये विद्यापीठं आणि ऑटोनॉमस कॉलेजांसाठी ३.१.२ असा एक मेट्रिक आहे, संस्थेने शिक्षकांना संशोधनासाठी किती लाख सीड मनी दिलं, असं त्यात सरळ विचारलेलं असतं. म्हणजे पैसे वाटणं ही संस्थेचीही गरज आहे, तुमच्यावर उपकार वगैरे काही नाही. आणि त्यांना पुराव्याला लागतं काय, तर मंजुरीचं पत्र, कमिटीचे मिनिट्स, खर्चाचा हिशेब. त्यामुळे आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) कोऑर्डिनेटरला आधीच भेटा आणि गेल्या वर्षी कोणाला, कशासाठी, किती मिळाले ते विचारा, लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

नावं वेगवेगळी असतात हेही लक्षात ठेवा. कुठे सीड मनी, कुठे इंट्राम्युरल (म्हणजे संस्थेच्या आतलाच निधी, हा शब्द मेडिकल आणि डेंटलवाल्यांकडे जास्त), कुठे फॅकल्टी रिसर्च ग्रँट, कुठे संस्थाचालकांचा स्वतःचा संशोधन निधी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांतले जुने सर-मॅडम अजून "बीसीयूडीचं प्रोजेक्ट" असंच म्हणतात, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात ते बीसीयूडी (विद्यापीठाचं कॉलेज विकासाचं मंडळ) गेलं तरी नाव काही जात नाही. विद्यापीठाच्या आयक्यूएसीने ॲस्पायर नावाची रिसर्च मेंटॉरशिप योजनाही कॉलेजच्या शिक्षकांसाठी आणली होती, तर आपल्या कॉलेजच्या सर्क्युलरबरोबर विद्यापीठाच्या वेबसाइटवरची सर्क्युलरं पण अधूनमधून चाळत जा, ग्रुपवर फॉरवर्ड येईपर्यंत बऱ्याचदा दोन दिवस उरलेले असतात. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असाल तर बऱ्याच ठिकाणी मुख्य संशोधक म्हणून नाव लागत नाही, पण को-इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागू शकतं, तेवढं नियमावलीत बघून घ्या.

आता विषय. इथे सगळ्यात जास्त अर्ज गारद होतात. "पुणे शहरातील नद्यांच्या प्रदूषणाचा सर्वंकष अभ्यास" असलं टायटल लिहून दीड लाख मागितले तर कमिटीतला कोणीही विचारणार, की बाबा दीड लाखात सर्वंकष कसं काय? त्याऐवजी खडकवासल्यापासून संगम पुलापर्यंत मुठेवरच्या पाच जागा, प्रत्येक ठिकाणचं पाणी ठरलेल्या अंतराने उचलायचं, तीन-चारच घटक तपासायचे, असं लिहिलं की ते होण्यासारखं वाटतं. पण थांबा, यातसुद्धा एक मेख आहे जी पुण्यात बसून अर्ज लिहिताना लक्षात यायला हवी. सर्क्युलर येतं जून-जुलैत, प्रेझेंटेशन गणपतीच्या आगेमागे, मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत दिवाळी, आणि पैसे खर्च करायचे ३१ मार्चच्या आत. म्हणजे तुम्ही जर "पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर" अशी तुलना लिहिली असेल तर पावसाळ्याआधीचं पाणी या आर्थिक वर्षात तुम्हाला मिळणारच नाही, ते कधीच वाहून गेलंय. एकतर पावसाळा संपल्यावरचं आणि ऐन हिवाळ्यातलं असं डिझाइन करा, किंवा प्रोजेक्ट दोन आर्थिक वर्षांचं मागा आणि शिल्लक रक्कम पुढच्या वर्षी नेता येते का ते लेखी विचारून घ्या. शेतीवर, कीटकांवर, डेंग्यूवर काम करणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे. शाळा-कॉलेजात सर्व्हे करणार असाल तर सेमिस्टरच्या परीक्षा कधी येतात ते बघा, नाहीतर प्रश्नावली तयार आणि भरायला मुलंच नाहीत.

बजेट. हे टेबल आपल्या मनाने भरून मग अकाउंट सेक्शनला नेऊ नका, उलटं करा. अर्जाची एक ओळसुद्धा लिहायच्या आधी हेडक्लार्क नाहीतर अकाउंटंटकडे जाऊन दहा मिनिटं बसा, शक्यतो महिन्याच्या मधल्या आठवड्यात, पगारबिलाच्या गडबडीत नको. त्यांना तीन-चार गोष्टी विचारा: कोणते हेड (खर्चाचे प्रकार) चालतात, एका हेडमधले पैसे दुसऱ्यात वळवता येतात का आणि कोणाच्या सहीने, किती रकमेपर्यंत कोटेशन लागत नाही, आणि पैसे ॲडव्हान्स मिळतात की आधी खिशातून घालून नंतर मागायचे. हा शेवटचा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत आणि मग क्रेडिट कार्डवर केमिकल घेऊन बसतात.

कोटेशन तीन लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिन्हीत स्पेसिफिकेशन एकच हवं, तारीख सर्क्युलरनंतरची हवी, व्हॅलिडिटी खरेदीपर्यंत पुरायला हवी. एकाच दुकानदाराने तीन लेटरहेडवर दिलेली तीन कोटेशनं ऑडिटरला लांबूनच ओळखू येतात, तसलं काही करू नका. किंमत जीएसटी, ट्रान्सपोर्ट आणि इन्स्टॉलेशन धरून लिहा. लॅबच्या बहुतेक उपकरणांवर १८ टक्के जीएसटी पडतो, म्हणजे एक लाखाचं यंत्र खरं तर १ लाख १८ हजारांचं आहे आणि वरचे अठरा हजार मंजूर रकमेत नसतील तर ते कुठून आणणार? सरकारी कॉलेज असेल, आणि काही अनुदानित ठिकाणीही, खरेदी जेम पोर्टलवरून (सरकारी खरेदीच्या वेबसाइटवरून) करावी लागते. वस्तू तिथे नसेल तर तसा रिपोर्ट त्याच पोर्टलवरून काढून फाइलला लावावा लागतो. तापकीर गल्लीतून सेन्सर आणि वायरी घ्यायच्या असतील तर खुशाल घ्या, स्वस्त पडतं, पण बिल पक्कं, जीएसटी नंबर असलेलं आणि कॉलेजच्या किंवा प्राचार्यांच्या नावाने हवं, तुमच्या नावाची कॅश मेमो अकाउंटवाले हातात पण धरत नाहीत. यंत्र आलं की त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या आणि नोंदीचा नंबर बिलाच्या मागे लिहून टाका.

खरं सांगायचं तर या रकमेत यंत्र घ्यायच्या फंदात पडूच नये. विद्यापीठात सेंट्रल इन्स्ट्रुमेंटेशन फॅसिलिटी आहे, पाषाण रोडला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, पैसे भरून सॅम्पल तपासून मिळतं. साठ सॅम्पलचे तपासणीचे पैसे मागितलेत की कमिटीलाही हिशेब समजतो आणि बंद पडलेल्या यंत्राची एएमसी (देखभालीचे वार्षिक पैसे) कोण भरणार हा प्रश्नच येत नाही. लॅपटॉप तर मागूच नका, तो बघितला की उरलेला अर्ज कोणी गंभीरपणे घेत नाही. जर्नलच्या वर्गणीचे पैसे मागण्याआधी लायब्ररीत जाऊन वन नेशन वन सबस्क्रिप्शनचं विचारा, २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना त्यातून सुमारे १३ हजार जर्नल्स मिळतात, तुमची संस्था त्यात बसते का एवढंच बघायचं.

आर्ट्सवाले म्हणतात आमच्याकडे कसला आलाय खर्च, मग अर्जच करत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. इतिहासाचा शिक्षक पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तरावर काम करत असेल आणि त्याला मोडी येत नसेल तर मोडी जाणकाराचं पानाप्रमाणे मानधन हा रीतसर खर्च आहे. मुलाखती घेणार असाल तर एका तासाच्या रेकॉर्डिंगचं टायपिंग करायला चार-पाच तास सहज जातात, ते टायपिंग कोणाला तरी पैसे देऊन करून घ्या आणि दर अर्जात लिहा. एसटीचं भाडं, फील्डवरचा मुक्काम, स्कॅनिंग, सगळं मागता येतं. फक्त "प्रवास ३०,००० रुपये" असं मोघम लिहू नका, "पुणे-जुन्नर जाऊन-येऊन, दोन माणसं, सहा वेळा" असं फोडून लिहा. मोघम आकडा दिसला की सगळ्यात आधी त्यालाच कात्री लागते.

लिहिताना एक धरून चाला, तुमचा अर्ज वाचणारा तुमच्या विषयाचा नसतो. केमिस्ट्रीचा अर्ज कॉमर्सच्या मॅडम वाचतात आणि उलटं. पहिल्या अर्ध्या पानात प्रश्न काय आहे, आजवर काय माहीत नाहीये आणि तुम्ही नेमकं काय करणार हे साध्या शब्दांत आलं पाहिजे. उद्दिष्टं तीनच्या वर नकोत. सॅम्पल किती आणि तेवढीच का, हे सांगा. शेवटी काय देणार त्यात "दोन स्कोपस पेपर प्रकाशित" असं वचन देऊ नका, छापणं तुमच्या हातात नसतं, "एक लेख जर्नलला पाठवला जाईल आणि बाहेरच्या ग्रँटसाठी प्रस्ताव तयार होईल" असं लिहा. आणि यूजीसी केअर लिस्टमधल्या (यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीतल्या) जर्नलचा वायदा तर आता करूच नका, ती लिस्ट यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, जुना अर्ज कॉपी-पेस्ट केलाय हे लगेच कळतं.

माणसांवर, विद्यार्थ्यांवर, पेशंटवर काम असेल तर एथिक्स कमिटीकडचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, पैसे मंजूर झाल्यावर बघू असं म्हणालात तर मीटिंग लागेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो.

अर्ज एचओडी, मग प्राचार्य, असा थ्रू प्रॉपर चॅनल जातो. आवक विभागात दिल्यावर तुमच्या कॉपीवर शिक्का आणि नंबर घ्या, नुसतं "टेबलावर ठेवलंय" यावर विश्वास नको. को-इन्व्हेस्टिगेटर घेताना पण थोडा विचार करा, मैत्रीखातर नाव घातलं तर कॅसला (बढतीच्या गुणांना) हिशेब बदलतो. यूजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशनमध्ये १० लाखांखालच्या पूर्ण झालेल्या प्रोजेक्टला ५ गुण आहेत आणि दोघांचं प्रोजेक्ट असेल तर दोघांना निम्मे-निम्मे. अंतर्गत निधीचं प्रोजेक्ट तिथे धरतात का हे मात्र आयक्यूएसीकडून पक्कं करून घ्या.

पैसे मिळाल्यावर एक वेगळी फाइल करा, त्यात मंजुरीचं पत्र सगळ्यात वर, खाली बिलं तारखेने. यूटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कसे वापरले त्याचा दाखला) शेवटच्या आठवड्यात करायला जाऊ नका, मार्चमध्ये सीएकडे अख्खं पुणं रांगेत असतं. कॉलेजचा स्वतःचा फॉरमॅट नसेल तर जीएफआरचा (केंद्राच्या वित्तीय नियमांचा) १२-ए फॉर्म वापरा, केंद्र सरकारच्या एजन्सी तोच मागतात, हात बसलेला बरा. कारण पुढे एएनआरएफचं (केंद्राच्या संशोधन निधी संस्थेचं) पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट असो, आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रांची संशोधन परिषद) असो की राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग, आधीचे पैसे कसे वापरले हे सांगायची वेळ येतेच.

अर्ज नामंजूर झाला तर कमिटीचे शेरे लेखी मागा. देत नसतील तर कमिटीवरच्या एखाद्या सरांना चहाला गाठून विचारा, बहुतेक वेळा उत्तर "विषय मोठा होता" नाहीतर "बजेट फोडलं नव्हतं" एवढंच असतं. तेवढं दुरुस्त करून पुढच्या सर्क्युलरची वाट न बघता फाइल तयार ठेवा, आणि मार्चमध्ये पैसे शिल्लक राहिलेत का ते अकाउंटला विचारा, कधीकधी राहिलेले असतात.