अकाउंट्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: रिकन्साइल आणि सेटल

अकाउंट्सच्या नोकरीत पहिल्याच महिनाअखेरीला प्रश्न येतो, "बँकेचं रिकन्सिलिएशन झालं का?" शब्दकोश उघडला तर रिकन्साइल म्हणजे समेट करणे. हिशेबात मात्र त्याचा अर्थ असा, की एकाच व्यवहाराच्या दोन वेगवेगळ्या नोंदी समोरासमोर ठेवायच्या आणि त्यांच्यातल्या प्रत्येक फरकाचं कारण शोधायचं. फरक शून्य व्हायलाच हवा असं नाही. आपण दिलेला चेक समोरच्याने अजून बँकेत भरलाच नसेल, तर आपल्या कॅश बुकात (रोख आणि बँकेच्या व्यवहारांच्या वहीत) शिल्लक कमी दिसणार आणि बँकेकडे जास्त. तसं कारण लिहिलं की तो फरक समजला. बँकेने कापलेले चार्जेस मात्र नुसते लिहून भागत नाही, त्यांची एंट्री पुस्तकात करावी लागते.

सेटल म्हणजे देणं-घेणं मिटवणं. पुरवठादाराच्या मेलला उत्तर देताना नवी मुलं बरेचदा 'अकाउंट सेटल केलं' असं लिहितात, प्रत्यक्षात फक्त दोघांची लेजर, म्हणजे खातेवह्या, जुळलेली असतात. मग तो बिचारा आपल्या बँक खात्यात पैसे शोधत बसतो! उलट वादातल्या बिलाची थोडी रक्कम सोडून उरलेली दिली-घेतली, तर ती सेटलमेंट. वरिष्ठांची लेखी मंजुरी घेतल्याशिवाय अशी रक्कम सोडू नये, असं माझं मत.

काम करताना आधी गोंधळ उडतो तो बाजूंचा. आपल्या पुस्तकात बँकेत भरलेले पैसे डेबिटला येतात, तेच बँक स्टेटमेंटमध्ये क्रेडिटला. बँकेच्या दृष्टीने ते तिने तुम्हाला द्यायचं देणं आहे, एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं.

फरक सापडत नसेल तर आधी त्या आकड्याकडेच बघा. त्याला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर अंक उलटसुलट लिहिले गेल्याची शक्यता असते: 630 च्या जागी 603 लिहिलं, तर फरक 27. फरक 480 असेल, तर 240 ची एखादी एंट्री चुकीच्या बाजूला गेली आहे का ते पाहा, कारण बाजू चुकली की फरक दुप्पट होतो. या युक्त्या हमखास नाहीत, पण निम्मी दुपार वाचवतात. आणि काहीच सापडेना म्हणून रक्कम सस्पेन्स खात्यात (कारण न कळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात) ढकलून मोकळं होऊ नका. ऑडिटर हमखास तिथेच बोट ठेवतात.

दर महिन्याला मी नव्या एंट्र्यांआधी मागच्या महिन्यात उरलेल्या फरकांची यादी काढते. तीन-तीन महिने तोच न वटलेला चेक दिसत असेल, तर ज्याच्या नावाचा आहे त्याला सरळ फोन करावा. बरेचदा तो हरवलेला तरी असतो, नाहीतर पाठवलेलाच नसतो.